गच्चीवरच्या टाकीचं पान

पाण्याच्या टाकीला स्वतःचं वेब पान असावं असं मला वाटलं, यात माझं काहीही चुकलेलं नव्हतं. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. चुकलं ते एवढंच, की टाकी मी डोंबिवलीतली निवडली, आणि डोंबिवलीतही आमच्या सोसायटीची.

साल नव्व्याण्णव. मी, महिपत साळवी, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये रुडॉल्फसाहेबांच्या कारखान्यात प्रेशर गेज जुळवायचो. गेज म्हणजे बॉयलरवर असते ती काट्याची गोल तबकडी. चौदा वर्षं मी दुसऱ्यांचे काटे सरळ केले. शिक्षण विचाराल तर आयटीआय अर्धवट. बाकी सगळं रद्दीवाल्याकडच्या इंग्रजी मॅन्युअलांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे माझं इंग्रजी असं, की ट्रान्झिस्टरवर मी दोन तास बोलू शकतो, पण वेटरकडे चमचा मागता येत नाही. कारखान्यातला डिग्रीवाला इंजिनियर मला 'फिटर' म्हणायचा. फिटर असण्यात काही कमीपणा आहे असं नाही, पण तो शब्द तो ज्या नाकातून काढायचा त्या नाकाबद्दल माझी तक्रार होती.

तर अशा मला सुचलं, की टाकीतली पातळी मोजणाऱ्या यंत्राच्या पोटातच वेब सर्व्हर घातला तर? त्या काळात सर्व्हर म्हणजे थंड खोलीत, काचेपलीकडे, चपला बाहेर काढून दर्शन घ्यायची वस्तू होती. मला तो साबणाच्या डबीत बसवायचा होता. काम तसं साधं. सर्व्हर हा पंगतीतला वाढपी. कुणी पान मागितलं की पान मांडायचं, त्यावर आकडा वाढायचा आणि पुढे सरकायचं. यंत्राला वायर जोडा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुठलाही कॉम्प्युटर ठेवा, पान उघडा. टाकी इतके टक्के भरलेली. शिडी चढायला नको, झाकण उघडायला नको, कुणाला विचारायला नको.

सात महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. माझी बायको कलावती जमिनीवर पानं मांडायची आणि वर टेबलाकडे बघत म्हणायची, "तुमच्या त्या डबीला वाढू का आधी?"

डबी चालली. रुडॉल्फसाहेबांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली. हा माणूस ठाण्याचा, सात पिढ्यांचा ख्रिश्चन, मराठी आमच्या डिग्रीवाल्यापेक्षा अस्सल. फक्त चिडला की इंग्रजीत जायचा.

"महिपत, डबी दाखवून गिऱ्हाईक पटत नाही," ते म्हणाले. "चालू टाकीवर बसव. आठ दिवस चालू दे. नवव्या दिवशी आंबिवलीच्या केमिकल कंपनीचे साहेब बघायला येतील. त्यांनी मान डोलावली तर यंत्राच्या पाटीवर तुझं नाव आणि तुला वेगळं टेबल. नाही तर डबी कपाटात आणि तू गेजवर. मग हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

पाटी म्हणजे यंत्राला रिव्हेटने ठोकलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. बोटभर. त्यावर कंपनीचं नाव असतं, नंबर असतो, आणि कधीमधी ज्याने यंत्र काढलं त्याचं नाव. लोकांना बंगला पाहिजे असतो, गाडी पाहिजे असते. मला ती बोटभर पट्टी पाहिजे होती. डिग्रीवाला ती वाचेल तेव्हा त्याच्या नाकाचं काय होईल हे मला बघायचं होतं.

चालू टाकी द्यायला कुठलाच कारखाना तयार होईना. म्हणून मी आमची दिली. इथेच सगळं वाट्टोळं झालं.

आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची. सकाळी पाऊण तास पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं. ते दामाजी पंपाने गच्चीवरच्या दहा हजार लिटरच्या टाकीत चढवतो. आणि ते दुसऱ्या सकाळपर्यंत चोवीस घरांनी पुरवायचं. दामाजी आमचा वॉचमनही आणि पंपवालाही. खाडीकाठच्या दिवा गावचा मूळ माणूस, पंधरा वर्षं आमच्याकडे. टाकीत किती पाणी आहे हे बघायला तो कधी वर चढत नाही. जिन्याखाली जो जाड पाइप उतरतो त्यावर पाना मारतो, ठण् की ठक् ते ऐकतो, झालं. मग दिवसभर खिडक्यांतून बायका विचारतात, "दामाजी, पाणी किती?" आणि दामाजी मान वर न करता सांगतो, "हाये. पन जपून."

पंधरा वर्षं हेच. टाकी काठोकाठ असली तरी हाये पन जपून, आणि तळाला गेली तरी हाये पन जपून. मला याचा मनस्वी राग यायचा. हे काय उत्तर झालं? यात आकडा कुठे आहे? माणूस चंद्रावर जाऊन आला आणि डोंबिवलीतला माणूस पाइपवर पाना मारून जगतोय. मी ठरवलं, हा अंधार आपण दूर करायचा.

अंधाराचे सेक्रेटरी होते परशुराम टिपणीस. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, की टाकीत एक छोटं यंत्र बसवतो, फुकट, आठ दिवसांसाठी.

"अर्ज करा," टिपणीस म्हणाले.

"काका, फुकट आहे."

"फुकट आहे म्हणूनच तीन प्रतींत करा. विकत असतं तर एक पुरला असता."

अर्ज केला. तो परत आला, कारण त्यात 'वेब सर्व्हर' हा शब्द होता आणि उपविधींत तो नव्हता. मी 'पाणी मोजण्याची डबी' असं लिहिलं. तो परत आला, कारण मग मापाचा दाखला कुठे? शेवटी कमिटीची मीटिंग झाली. त्र्याण्णव साली गच्चीवर कुणी तरी डिश अँटेना लावल्यावरून मारामारी झाली होती, तेव्हापासून गच्चीवर काहीही लावायचं म्हटलं की जुनी मारामारी पहिल्यापासून सुरू होते. ती दीड तास चालली. मग तिसऱ्या मजल्यावरचे देवराम कुडाळकर उठले. कुडाळकर बँकेत कॅशियर. यांना प्रत्येक विषयात एक मेव्हणा असतो.

"माझा मेव्हणा म्हणतो, कॉम्प्युटरला व्हायरस होतात," कुडाळकर म्हणाले. "ते पाण्यात उतरले तर?"

मी सांगितलं, तो व्हायरस वेगळा. कुडाळकर म्हणाले, काविळीची साथ आली तेव्हाही आम्हाला असंच सांगितलेलं. यावर सभेत जी कुजबुज झाली ती मी शंभर वर्षं विसरणार नाही. शिकलेली माणसं होती. दोघांची मुलं अमेरिकेत होती.

परवानगी मिळाली, चौदा अटींवर. अट सहावी: यंत्रामुळे पाण्याला रंग, वास, चव अथवा शॉक आल्यास जबाबदारी अर्जदाराची. अट अकरावी: यंत्राने सोसायटीच्या अंतर्गत बाबी बाहेर सांगू नयेत. अट चौदावी: यंत्राचं रीतसर उद्घाटन व्हावं, नारळासह.

वायर मी गच्चीवरून डक्टमधून पहिल्या मजल्यावर सोडली. तिथे मालनताई सबनीस यांचा क्लास. आधी टायपिंगचा होता. मशीनं विकून त्यांनी तीन कॉम्प्युटर घेतलेले. इमारतीत दुसरीकडे कॉम्प्युटर नव्हता. मालनताई म्हणाल्या, "माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवर लावा. नाही तरी ते फक्त पत्ते खेळतं."

उद्घाटनाला सगळी सोसायटी गच्चीवर. नारळ टाकीच्या कठड्यावर फोडायचा ठरलेला. पण टिपणिसांनी हात उचलला आणि त्यांना वाटलं, उद्घाटन यंत्राचं आहे तर नारळ यंत्रावरच फुटला पाहिजे. डबी मी स्टीलची केलेली म्हणून वाचली. नारळाचं पाणी मात्र वायरीच्या जोडात शिरलं. खालून मालनताईंनी ओरडून सांगितलं, "एकशे बारा टक्के दाखवतंय."

गच्चीवर टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं, पहिल्याच दिवशी बारा टक्के जास्त. मी गुडघ्यावर बसून, टॉवेलने जोड पुसत, चौदा वर्षांत शिकलेल्या सगळ्या शिव्यांची मनात उजळणी करून घेतली. जोड वाळला, आकडा ऐंशीवर आला, आणि लगेच मागून आवाज: "बघा, ह्यांनी हात लावला आणि उतरलं."

पण चाललं. पहिले दोन दिवस असे चालले, की मी कामावरून येऊन क्लासमध्ये बसायचो आणि नुसतं त्या पानाकडे बघायचो. निळी पट्टी, तिच्याखाली आकडा, आकड्याला दशांशाचं एक घर, आणि खाली दिवसभराचा आलेख. डिग्रीवाल्याने दशांशाची चेष्टा केलेली: "टाकीला कशाला पाहिजे ०.१?" दहा हजार लिटरचा एक दशांश टक्का म्हणजे दहा लिटर. म्हणजे एक बादली. माझं यंत्र चार मजल्यांवरच्या टाकीतली एक बादली ओळखत होतं. डिग्रीला हे कळणार नाही.

लोक बघायला येऊ लागले. येताना चपला बाहेर काढायचे. ते मला आवडलं. मालनताईंच्या विद्यार्थ्यांना बसायला जागा राहीना, तेव्हा त्यांनी दाराबाहेर फळा टांगला आणि दर अर्ध्या तासाला त्यावर आकडा लिहायला लागल्या. खिडकीतून दामाजीला हाका मारणं बंद झालं. एकदा कुणी तरी सवयीने विचारलं, "दामाजी, पाणी किती?" तर दामाजी पायरीवरून म्हणाला, "फल्यावर बगा. आता मला काय इचारता."

त्याला लागलं होतं. माझ्या ते लक्षात आलं, पण मी तेव्हा अंधार दूर करत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता फळ्यावर अडतीस लिहिलं गेलं. आता, अकरा वाजता अडतीस हे नेहमीचंच असणार. पंधरा वर्षं अकरा वाजता अडतीसच असेल. पण पंधरा वर्षं ते कुणाला माहीत नव्हतं. कुडाळकरांच्या बायकोने फळा वाचला, घरी गेली आणि एक पिंप नळाखाली लावलं. समोरच्या खिडकीतून ते दिसलं. तिथे दोन लागली. मालनताई अर्ध्या तासाने बाहेर आल्या आणि त्यांनी प्रामाणिकपणे अडतीस पुसून एकोणीस लिहिलं. त्यानंतर इमारतीत जो आवाज झाला तो चोवीस नळ एकदम सोडल्याचा होता. पाऊण तासात टाकी चारवर.

संध्याकाळी आलेख बघितला तर अकरापर्यंत उतरती वाट आणि मग सरळ कडा, जणू माळशेज घाट. रेष मात्र अशी स्वच्छ, एकही थरथर नाही. मी मालनताईंना म्हटलं, "काय सुंदर आहे बघा."

"साळवी," त्या म्हणाल्या, "माझ्या संडासात पाणी नाही."

चौथ्या दिवशी लोक अकरापर्यंत थांबले नाहीत. नऊला पिंपं लागली. पाचव्या दिवशी आठला. बाजारातून निळी पिंपं यायला लागली. एकेका रिक्षातून दोन-दोन, मधे मालक. सहाव्या दिवशी दामाजी पंप बंद करून पायरीवर येऊन बसेपर्यंत टाकी अर्धी झालेली असायची. पाणी होतं तेवढंच येत होतं, माणसं होती तेवढीच होती, अंघोळी वाढलेल्या नव्हत्या. फक्त पाणी टाकीतून उठून चोवीस बाथरूममध्ये जाऊन बसलेलं, आणि दुपारी ज्याचं पिंप लहान त्याच्याकडे ठणठणाट. मी सांगत होतो: अहो, भरू नका, पुरतंय. पुरेल हो, लोक म्हणत, पण बाकीचे भरतायत ना.

आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. पूर्वी पाणी पुरायचं. यंत्र आल्यापासून पुरत नाही. कुडाळकरांचा मेव्हणा म्हणाला म्हणे, अशी यंत्रं स्वतःला थंड ठेवायला पाणी घेतात. टिपणिसांनी अट सहावीचा हवाला देऊन मला नोटीस दिली: पाण्याला रंग, वास, चव, शॉक आला नसला तरी पाणीच न येणे हे त्यात अध्याहृत आहे.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आंबिवलीचे साहेब आले. रुडॉल्फसाहेबांच्या गाडीतून. पांढरा सफारी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की डोंबिवलीत वास त्यांच्यासारख्या कंपन्यांचा येत नसून डोंबिवलीचाच येतोय. मी त्यांना क्लासमध्ये नेलं, खुर्ची पुसून दिली, पान उघडलं.

०.०

निळी पट्टी नाहीच. आलेख पावणेआठपासून तळाला चिकटलेला.

"बंद आहे," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, चालू आहे. टाकी रिकामी आहे."

"तेच. काही दाखवत नाही."

मी त्यांना सांगायला सुरुवात केली, की आमच्या धंद्यात शून्य दोन प्रकारचं असतं. टाकी रिकामी असली की यंत्र तारेतून थोडा करंट सोडत राहतं: मी जिवंत आहे, पण टाकीत काही नाही. आणि यंत्र मेलं की करंटच नाही. मेलं असतं तर पानावर आकड्याच्या जागी आडव्या रेघा आल्या असत्या. हे जे दिसतंय ते जिवंत शून्य आहे. अत्यंत खरं शून्य आहे. यापेक्षा खरं शून्य तुम्हाला ठाण्यापासून कल्याणपर्यंत मिळणार नाही.

"माझ्याकडे शून्य दाखवणारी चाळीस यंत्रं आहेत," साहेब म्हणाले. "ती सगळी बंद आहेत."

रुडॉल्फसाहेबांनी घड्याळ बघितलं. "महिपत, डू समथिंग," ते हळूच म्हणाले. इंग्रजीत गेले होते. मला माझी बोटभर पट्टी कपाटात जाताना दिसली.

टाकीत पाणी टाकून दाखवणं हा एकच उपाय होता, आणि पाणी चोवीस बाथरूममध्ये होतं. मी साहेबांना मालनताईंच्या चहाच्या हवाली केलं आणि पायऱ्या चढलो.

कुडाळकरांच्या बायकोने दार साखळीएवढं उघडलं. "दोन बादल्या?" ती म्हणाली. "भाऊजी, आम्हालाच नाही हो." तिच्या पाठीमागे पॅसेजमध्ये निळी पिंपं ओळीने उभी होती. तिने माझी नजर बघितली आणि म्हणाली, "ती रिकामी आहेत." एका पिंपात तांब्या तरंगत होता. चौथ्या मजल्यावर मला सांगण्यात आलं, की पाणी दिलं असतं पण आज अमावस्या. टिपणीस म्हणाले, "अर्ज करा," आणि मी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

शेवटी माझ्या घरी गेलो. कलावती भाजी निवडत होती. म्हटलं, आपल्याकडे एखादी बादली असेल तर दे. ती उठली आणि तिने बाथरूमचं दार ढकललं. आत मावत नव्हतं. सहा पिंपं, त्यांवर घागरी, घागरींवर पातेली, आणि खिडकीत माझ्या कारखान्यातल्या नमुन्याच्या बाटल्या, एकूण एक भरलेल्या, लेबल लावलेल्या. सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त पाणी माझ्या घरात होतं.

"तू सुद्धा?" मी म्हणालो.

"मी सुद्धा काय? तुमच्या यंत्रावर विश्वास आहे म्हणून तर भरलं. बाकीचे म्हणतात खोटं दाखवतंय. मला माहीत होतं, ते म्हणतंय संपलं म्हणजे संपलं."

यावर नवऱ्याने काय बोलायचं असतं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही.

तिने पदर खोचला, एक बादली मला दिली, एक स्वतः उचलली. जिन्यात दामाजी उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं.

"कवरा पायजे?" त्याने विचारलं.

"जेवढं जमेल तेवढं. तिथे एक माणूस बसलाय, त्याला टाकी जिवंत आहे हे दाखवायचंय. नाही तर माझं काम गेलं, दामाजी. परत काटे सरळ करत बसायचं."

दामाजी गच्चीवर गेला, ओतलेलं पाणी परत नळांत उतरू नये म्हणून टाकीखालचा वॉल फिरवून बंद करून आला, चौकात उभा राहिला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा वर मान करून बोलला. आवाज मोठा नव्हता, पण इमारतीत नळ बंद असले की सगळं ऐकू जातं.

"ज्याच्या घरची बादली वर जानार नाय, त्याच्या लायनीचा वॉल उद्या मी उघरनार नाय. फल्यावर काय बी लिवलेला असू दे."

मग दारं उघडली. पहिल्यांदा अमावस्यावाले आले. मग बाकीचे. गच्चीच्या जिन्यावर ओळ लागली. पहिली बादली कलावतीची गेली, आणि खालून मालनताईंचा आवाज: "०.१ झालं."

इथे मी न ठरवलेली गोष्ट घडली. प्रत्येक बादली टाकली की पानावर आकडा हलायचा. लोकांना हे कळल्यावर त्यांनी एकेक माणूस क्लासमध्ये बसवला, आपली बादली बघायला. "आता आमची," "नाही हो, ती आमची होती, तुमची लहान आहे, अर्धीच हलली," "माझी टाकली आणि हललंच नाही, परत टाकतो." कुडाळकरांनी लागोपाठ तीन बादल्या ओतल्या, कारण ०.९ वरून १.० झालेलं त्यांना स्वतःच्या नावावर पाहिजे होतं. टिपणीस एक तांब्या घेऊन आले, टाकीत ओतला, आणि पोच मागितली.

३.४ वर साहेबांनी हात वर केला. "पुरे," ते म्हणाले. "चालतं."

रुडॉल्फसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी पट्टीवर अक्षरं कुठली घ्यायची, मराठी की इंग्रजी, इथपर्यंत पोचलो होतो. आंबिवलीचे साहेब मला बाजूला घेऊन गेले, फळ्याजवळ.

"हे यंत्र मी सांडपाण्याच्या टाकीला लावणार," ते म्हणाले. "प्रदूषणाच्या तपासणीवाल्यांना हल्ली सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे. म्हटलं, देऊ. त्यांच्या ऑफिसातून त्यांनी पान बघावं. फक्त एक करा. आकडा साठच्या वर जाता कामा नये."

"टाकी साठच्या वर गेली तरी?"

"टाकी माझी माणसं खाडीकडे सोडतील, ते आम्ही बघू. तुम्ही पान बघा. पन्नास, पंचावन्न, साठ. थोडं हलतं ठेवा. खरं वाटलं पाहिजे."

नऊ दिवस मी नारळ सोसला, नोटीस सोसली, मेव्हणा सोसला. आता माझ्याने राहवेना.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्हाला यंत्र नकोय. तुम्हाला कॅलेंडर पाहिजे. त्यावर आकडे आधीच छापलेले असतात, आणि भिंतीवर खिळा मारला की झालं. मी सात महिने माझ्या बायकोला जमिनीवर जेवायला बसवलं, ते खोटं बोलणारी डबी करायला नाही. ती खाडी दामाजीच्या गावावरून जाते. निघा आता. आणि तो चहा मालनताईंनी शेवटच्या पाण्याचा केला होता, तेवढं लक्षात ठेवा."

साहेब निघाले. रुडॉल्फसाहेब त्यांच्यामागे गेले, गाडीत बसले, उतरले, परत आले. मग म्हणाले, "चाललं हे खरं. विकलं नाही हेही खरं. आता मी काय करू, तूच सांग."

त्यांनी जे केलं ते असं. सोमवारी मी परत गेजच्या टेबलावर होतो. डिग्रीवाल्याने नाकातून विचारलं, "काय फिटर, टाकी भरली का?" पण महिनाअखेरीस रुडॉल्फसाहेबांनी कागदात गुंडाळलेलं काही तरी माझ्यासमोर ठेवलं. बोटभर पट्टी. नंबर एक, आणि त्याखाली: रचना, महिपत साळवी. "एकच काढलंय," ते म्हणाले. "दुसरं कुणी घेणार नाही. घरी ठोक." मी ती गच्चीवर जाऊन डबीवर ठोकली. ती वाचायला आजवर दोन कावळे आणि केबलवाला एवढेच वर गेले आहेत.

यंत्र काढायचं की नाही यावर सोसायटीची सभा झाली. डिश अँटेनाची मारामारी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ठराव असा झाला, की यंत्र राहू द्यावं, पण त्याने लोकांना घाबरवू नये. कसं ते अर्जदाराने बघावं.

अर्जदाराने दोन संध्याकाळी बसून पान बदललं. निळी पट्टी काढली, आलेख काढला, आकडा काढला, दशांशाचं घर काढताना थोडं वाईट वाटलं. आता कुणीही पान उघडलं की मोठ्या अक्षरांत एवढंच येतं: आहे. पण जपून.

मालनताईंनी फळ्यावर तेच लिहून ठेवलं. आता पुसावं लागत नाही. आठवड्याभरात जादा पिंपं गच्चीवर गेली आणि त्यांत तुळशी लागल्या. पाणी पुरायला लागलं. दामाजीला मी मुद्दाम क्लासमध्ये नेऊन पान दाखवलं. त्याने वाचलं, परत वाचलं.

"हा माजा बोलना हाये," तो म्हणाला.

"हो."

"खाली माजा नाव लिव."

लिहिलं. पट्टीवर माझं नाव आहे, पानावर त्याचं. लोक पानच बघतात.

खरा आकडा दुसऱ्या एका पानावर आहे. त्याचा पत्ता फक्त मला आणि दामाजीला माहीत. दामाजी तिकडे अजून एकदाही फिरकलेला नाही. तो पाइपवर पाना मारतो. मी मात्र कामावरून आलो की क्लासमध्ये डोकावतो. आंबिवलीच्या साहेबाला मी जे तोंडावर नाकारलं आणि माझ्या इमारतीला जे केलं, त्यात फरक आहे. तो काय आहे हे मी अधूनमधून स्वतःला समजावून सांगत असतो.

परवा पालिकेचं पाणी कमी दाबाने आलं. संध्याकाळी सहाला मी ते दुसरं पान उघडलं: ११.४. बंद केलं, मालनताईंना "ठीक आहे" म्हटलं, घरी आलो, बूट काढले.

"अहो, पाणी किती?" कलावतीने आतून विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "पण जपून."

ती बाहेर आली. तिने माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं, आणि पिंप नळाखाली ओढलं.